स्टंट स्कूटरचा फोर्क वाकलाय, वेल्डिंग करून मजबूत होईल का? (नाशिक)

गोदाकाठचा_रायडर:
नाशिककर मंडळी, एक विचारायचं होतं. माझ्याकडे स्टंट स्कूटर आहे, पायाने ढकलायची, बॅटरीवाली नाही (हे आधीच सांगतो, मागे एका ग्रुपवर विचारलं तर दोघांनी चार्जर बदलायला सांगितला). फोल्ड होत नाही, डेक (उभं राहायची फळी) आणि पुढची नळी वेल्ड करून एकच केलेली. ऑनलाइन घेतली होती, एकच माल दहा स्टिकर लावून विकतात ना, तसलीच. माझं वजन ६४ किलो. गोदापार्कला पायऱ्यांवरून उड्या, बनीहॉप (जागच्या जागी स्कूटरसकट उडी), वन एटी (हवेत अर्धी गिरकी) चालू असतं, टेलव्हिप (हवेत डेक हँडलभोवती फिरवणं) आत्ता कुठं जमायला लागलीय.

प्रॉब्लेम असा की फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा चिमटा, वाकल्यासारखा वाटतोय. चाक आणि डेकची नळी यात आधी दोन बोटं जायची आता एकच जातंय, आणि लँडिंगला खालून कट्ट आवाज येतो. लोहचुंबक लावून बघितलं, हँडलला चिकटतं फोर्कला नाही, म्हणजे ॲल्युमिनियम असणार. सिडकोत एक फॅब्रिकेशनवाले म्हणाले आर्गॉन मारून (म्हणजे आर्गॉन गॅसचं वेल्डिंग करून) दोन्ही पायांना पट्ट्या जोडून देतो, ३०० रुपये दे, हत्ती उभा राहील. करू का? नवीन फोर्कचं घरी विचारायची आत्ता तरी हिंमत नाही.

टूलरूमकाका:
नको करू रे बाळा. हत्ती उभा राहीलही, पण तू नुसता उभा कुठं राहणार आहेस, तू त्यावर उडी मारणार आहेस.

कारण सांगतो. असले फोर्क बहुतेक ६०६१ ॲल्युमिनियमचे असतात, टी६ कंडिशनमध्ये. टी६ म्हणजे धातू ५३० डिग्रीच्या आसपास तापवून पाण्यात टाकतात आणि मग १७५ डिग्रीच्या भट्टीत काही तास ठेवतात, तेव्हा कुठं त्याला ती ताकद येते, यिल्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) २७५ एमपीएच्या घरात. आता तुझ्या फॅब्रिकेशनवाल्याने तिथे आर्गॉन मारला की टाक्याच्या (वेल्डच्या) दोन्ही बाजूचा पट्टा पुन्हा मऊ पडतो, ताकद निम्म्याच्या खाली जाते. वरून पट्टी जाड दिसते म्हणून तुला वाटतं मजबूत झालं, आणि पट्टी संपते त्याच्या कडेलाच मऊ पट्टा. तुटणार तिथेच. कंपन्या वेल्ड झाल्यावर अख्खा पार्ट परत हीट ट्रीटमेंटला पाठवतात. एकट्या फोर्कसाठी कोणी भट्टी लावणार नाही, आणि लावली तरी ६०६१ साधारण ५८० ला वितळायला लागतं, म्हणजे चूक करायला जागा फारशी नाही.

वाकलेला सरळ करायच्या नादाला पण लागू नको. एकदा वाकला की धातू तिथे ताणलेला असतो, परत उलटा वाकवला की तडा जायची वेळ जवळ आणतोस.

आधी तडा आहे का ते बघ. चाक काढ, हँडल काढ, फोर्क पूर्ण बाहेर घे, नळी आणि दोन पाय जिथे भेटतात (क्राउन म्हणतात त्याला) ती जागा स्वच्छ पूस. मग त्यावर रॉकेल लाव, पाच-दहा मिनिटं थांब, फडक्याने कोरडं कर आणि पांढऱ्या खडूची पूड चोळ. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. रॉकेल आता कुठं मिळतंय म्हणा, डिझेल चालेल. बारीक तडा यात सुटू शकतो हे लक्षात ठेव. पक्कं हवं असेल तर सातपूर-अंबडला डीपी टेस्टचे (रंग आत शिरवून तडा शोधायची चाचणी) तीन स्प्रे मिळतात, क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर, कुणा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये अर्धवट वापरलेले डबे पडलेले असतात, चहा पाजला तरी काम होतं.

फॅब_अंबडवाला:
काका हीट ट्रीटमेंटचं बरोबर आहे पण सगळ्या वेल्डरना एका लाईनीत नका बसवू. मी स्वतः टिग (तेच आर्गॉनचं वेल्डिंग) करतो, ॲल्युमिनियमच्या टाक्या, रेलिंग, ट्रकच्या बॉडी केल्यात, टिकतात. पण रेलिंगवर कोणी चार पायऱ्यांवरून उडी घेत नाही हे पण खरंय. ॲल्युमिनियमचा फोर्क माझ्याकडे आला तर मी परत पाठवतो, हात तुटला तर पोराची आई माझ्या दारात.

स्टीलचा असता तर गोष्ट वेगळी. क्रोमोली ४१३० (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील) असेल तर टिगने करता येतं, पण त्यातही लोक घाण करतात. एक, फोर्कवर क्रोम नाहीतर झिंकचा थर असतो तो आधी ग्राइंडरने पूर्ण काढायचा, मास्क लावून, नाहीतर झिंकच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि क्रोमचा धूर तर त्याहून वाईट. दोन, गरम टाका पाण्याच्या बादलीत बुडवायचा नाही. आपल्याकडे निम्मी दुकानं टाका लावला की चुर्रर्र करून बादलीत, गिऱ्हाईकाला घाई असते ना, साध्या लोखंडाला खपून जातं पण ४१३० मध्ये कार्बन ०.३० टक्के असतो आणि वर क्रोमियम-मॉलिब्डेनम, पाण्यात टाकलं की कडक होऊन काचेसारखं तडकतं. हवेत आपोआप थंड होऊ द्यायचं. तीन, पट्टी लावायचीच तर टोकं निमुळती करायची, चौकोनी कापलेली पट्टी म्हणजे कोपऱ्यातून तडा सुरू. आणि वेल्ड झाल्यावर नळी जरा तरी ओढली जातेच, मग खालची बेअरिंग नीट बसत नाही, ती लेथवर बघून घ्यावी लागते. एवढं सगळं ३०० रुपयांत कोण करणार सांगा.

आणि भाऊ, लोहचुंबक चिकटला म्हणजे क्रोमोली असं नसतं बरं का, साधं एमएस (माइल्ड स्टील) पण चिकटतं. चुंबकाने फक्त ॲल्युमिनियम नाही एवढं कळतं.

व्हिपवाला_नाशिककर:
भावा फोर्कच्या आधी हेडसेट बघ, म्हणजे फोर्कची नळी ज्यात फिरते त्या वरच्या-खालच्या बेअरिंग. ते कट्ट कट्ट मला हेडसेट सैल असल्यासारखं वाटतंय. पुढचं चाक भिंतीला टेकव, खालच्या बेअरिंगच्या फटीवर बोट ठेव आणि हँडल पुढे-मागे हलव, बोटाला हालचाल लागली तर सैल आहे. सैल हेडसेटवर प्रत्येक लँडिंगला फोर्कची नळी आत हातोडीसारखी आपटते, आणि सगळा जोर खालच्या बेअरिंगच्या लगेच खाली क्राउनवर जातो. माझ्या बघण्यात फोर्क जास्त असेच गेलेत, एका मोठ्या उडीने कमी आणि महिनोन्‌महिने सैल चालवून जास्त.

कसायचा क्रम पण महत्त्वाचा, आधी वरचा किंवा आतला कॉम्प्रेशन बोल्ट (हँडल अडकायला नको पण खेळ जायला हवा इतपत), मग हँडल सरळ करून क्लॅम्पचे (हँडल नळीवर आवळणारा पट्टा) बोल्ट आलटून पालटून. बरेच जण क्लॅम्प आधी आवळतात मग कॉम्प्रेशन कितीही पिळा, नळी वर येतच नाही, आणि बोल्टचे आटे जातात ते वेगळंच.

तुझा फोर्क आट्यांचा आहे की बिनआट्यांचा? नळीवर बाहेरून आटे कापलेले असतील आणि सायकलसारखं वाटी-चेकनट असेल तर त्याच्यात जीव घालण्यात अर्थच नाही. आटे कापले की नळी तिथे पातळ होते आणि आट्याच्या तळातूनच तडा सुरू होतो. स्टंटसाठी बिनआट्यांचाच घे.

पाथर्डीफाटा_आई:
मध्येच विचारते माफ करा, माझ्या मुलाकडे फोल्डिंगची आहे, ९ वर्षांचा आहे, तोही आता यूट्यूब बघून उड्या मारतो. त्याच्या फोर्कचं पण असंच होईल का?

व्हिपवाला_नाशिककर:
ताई फोल्डिंगमध्ये फोर्कच्या आधी फोल्डिंगचा जॉइंटच जाईल. २००० साली त्या रेझरच्या फोल्डिंग स्कूटर जगभर खपल्या तेव्हा पोरं त्याच्यावरच ट्रिक करायची, जॉइंट तुटायला लागले मग कोणी तिथे बोल्ट मारले कोणी वेल्ड केलं, शेवटी न दुमडणाऱ्या वेगळ्या स्टंट स्कूटर निघाल्या. जमिनीवर चालवू द्या, उड्या नकोत. आणि बॉक्सवर वजनाची मर्यादा छापलेली असते ती चालवायची असते, उड्यांची नाही.

पाथर्डीफाटा_आई:
धन्यवाद दादा. आज संध्याकाळी घरात युद्ध आहे मग.

गोदाकाठचा_रायडर:
काका केलं. डिझेल पप्पांच्या गाडीतून नाही काढलं, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यांकडून वाटीभर आणलं. डाव्या पायाच्या बाजूला काही नाही, पण उजव्या बाजूला क्राउनच्या टाक्याच्या कडेने नखाएवढी रेघ आली. पुसून परत केलं, परत त्याच जागी. नुसत्या डोळ्याने रंगाची चीर वाटत होती, मी तिला ओरखडा समजत होतो.

हेडसेट पण सैल निघाला. फोर्क बिनआट्यांचा आहे, हे एक बरं. आता शेवटचं विचारतो आणि गप्प बसतो, नळीच्या आत बरोबर मापाची लोखंडी सळई नाहीतर पाइप ठोकून बसवला तर? लेथवाला करून देतो म्हणतोय.

टूलरूमकाका:
रेघ आली ना, मग विषय संपला. त्या फोर्कवर आता घराच्या गेटपर्यंत पण जायचं नाही.

सळईचं म्हणशील तर तुझा तडा आहे क्राउनच्या टाक्याला, तू सळई घालणार नळीत. जिथे दुखतंय तिथे ती पोचतच नाही. आणि ठोकून बसवताना टाक्यावर उलट ताण. वरच्या टोकाला आत कॉम्प्रेशनचा नट असतो त्याला जागा राहत नाही ते वेगळं. शिवाय ॲल्युमिनियममध्ये लोखंड घट्ट बसवलं आणि आपल्याकडच्या पावसाचं पाणी आत गेलं की दोन धातूंमध्ये गंज धरतो, आणि तो गंजतो ॲल्युमिनियमच्या बाजूने.

ॲल्युमिनियमची अजून एक खोड आहे. स्टीलला एक मर्यादा असते, ताण त्याच्या खाली राहिला तर कितीही वेळा द्या, चालतं. ॲल्युमिनियमला तशी पक्की मर्यादा नाही, छोटे छोटे दणके पण हिशोबात जमा होत जातात. म्हणून तुझ्या वजनाला आणि पायऱ्यांना स्टीलचाच घे, थोडा जड पडेल.

गोदाकाठचा_रायडर:
ठीक आहे काका, घरी बोलतो. पप्पांना ती खडूची रेघच दाखवतो. मग मागवताना काय बघायचं? साइटवर दहा प्रकार दिसतात, एससीएस, एचआयसी, आयएचसी, डोकं फिरलं.

व्हिपवाला_नाशिककर:
डोकं फिरवू नको. आधी तुझ्या स्कूटरचं माप घे मग साइट उघड. व्हर्निअर नसेल तर कुठल्याही लेथवाल्याकडे मिनिटात होतं.

नळीचा बाहेरचा व्यास घे, स्टंट स्कूटरला बहुतेक २८.६ एमएम येतो, यालाच साइटवर सव्वा नाही, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच लिहितात. हेडट्यूबमध्ये बेअरिंग थेट बसते का ते बघ, तशी असेल तर बहुतेक ४१.८ एमएमची ४५ अंशाची असते, पण बेअरिंग काढून मोजच, अंदाजावर जाऊ नको. मग चाक. ११० एमएमचं चाक लावत असशील तर फोर्कवर ११० नाहीतर १२० लिहिलेलं हवं, आणि चाकाची जाडी २४ की ३० ते बघ, ३० चं चाक २४ च्या फोर्कमध्ये शिरणारच नाही. ॲक्सल ८ एमएम की १२ एमएम ते पण, हा लोक हमखास विसरतात आणि मग नवीन चाकाचा खर्च.

आता ती अक्षरं, म्हणजे हेडसेट दाबून घट्ट धरायच्या वेगवेगळ्या सिस्टिम. हँडलच्या खालच्या टोकाला चीर आहे का बघ. एससीएसला बिनचिरेचं हँडल लागतं, एचआयसी-आयएचसीला चीर लागते. आयएचसीचा फोर्क वर बारीक असतो आणि त्यावर शिम (फट भरणारी पातळ नळी) येते, म्हणून हँडल आणि क्लॅम्प तोच ठेवायचा असेल तर आहे त्याच सिस्टिमचा फोर्क घे, नाहीतर फोर्कपायी हँडल, हँडलपायी क्लॅम्प, असं करत नवी स्कूटर होते. नळी लांब आली तर कापावी लागते, तेव्हा करवत सरळ चालली पाहिजे, सायकलवाल्याकडे गाइड असतो.

फॅब_अंबडवाला:
कापून झालं की आतून-बाहेरून कड कानसीने घासून घे, कापल्यावर कडेला उरलेली धातूची धारदार किनार राहिली की क्लॅम्प वाकडा बसतो. आणि स्टीलची कापलेली कड उघडी पडते तिथे ग्रीसचा हात फिरव, पावसाळ्यात तिथूनच गंज लागतो.

व्हिपवाला_नाशिककर:
हा हे बरोबर. आणि भावा लँडिंग, नवीन फोर्क आला की पहिले काही दिवस गोल्फ क्लबला सपाट जमिनीवरच, दोन्ही चाकं एकदम टेकव नाहीतर मागचं किंचित आधी, गुडघे वाकवून. तू टेलव्हिप शिकतोयस म्हणजे डेक पायाखाली यायच्या आत तुझं सगळं वजन हँडलवर येत असणार, पुढचं चाक एकटंच आपटत असणार, फोर्क तिथेच मेला. डेक पकडता आला नाही तर स्कूटर सोडून दे, पायावर उतर. पहिल्या दिवसानंतर हेडसेट परत तपास, नवीन बेअरिंग बसली की जरा सैल पडतेच.

गोदाकाठचा_रायडर:
नळी २८.६, बेअरिंग ४१.८, चाक ११० बाय २४, ॲक्सल ८, हँडलला चीर आहे, फोर्कवर शिम नाही पण हँडलच्या आत एक आहे. एचआयसी?

व्हिपवाला_नाशिककर:
नळी वरपर्यंत २८.६ असेल आणि हँडल बाहेरून ३४.९ भरलं तर एचआयसी. ते एक माप राहिलंय बघ. आणि जुना फोर्क भंगारात देण्याआधी क्राउनवरची बेअरिंगची रिंग काढून ठेव, मग ग्राइंडरने दोन तुकडे कर, नाहीतर भंगारवाल्याकडून कुणीतरी उचलून परत लावेल.