माझं मत शीपफूट पात्याला

खिशातल्या चाकूला कुठल्या आकाराचं पातं बरं, या प्रश्नावर क्लिप पॉइंटला (पाठ टोकाजवळ छाटलेलं पातं) बरीच मतं पडली आहेत, कारण काय तर टोक अणकुचीदार! पण खिशातल्या चाकूने आपण रोज कापतो काय? कुरियरची खोकी, सुतळी, गोळ्यांची पाकिटं. तिथे टोक अडचणच करतं.

शीपफूटची धार सरळ असते आणि पाठ पुढे उतरून तिला मिळते. त्यामुळे खोक्याची टेप कापताना आतल्या वस्तूला भोक पडत नाही. धार लावणंही सोपं, दगडावर पातं सपाट ओढायचं, टोकाकडची गोलाई सांभाळत बसायचं नाही. हलत्या जहाजावर दोर कापणाऱ्या खलाशांनी हाच आकार वापरला तो उगाच नाही.

फळं-भाज्यांना मात्र हा कंटाळवाणा. तिथे पोट असलेलं, म्हणजे धारेला गोलाई असलेलं पातं हवं. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबरचा घडीचा चाकू घ्या: पातं ८.५ सेंमी, आणि पातं जागेवर अडकवायला १९५५ साली आलेली ती फिरवायची कडी. कार्बन पोलादाचा असेल तर लिंबू कापल्यावर लगेच पुसा, नाहीतर गंजतो. कोकणातल्या दमट हवेत राहत असाल तर सरळ स्टेनलेस. ड्रॉप पॉइंट (पाठ हळूहळू टोकाकडे उतरणारं पातं)? चांगलाच आहे, पण त्यात मजा नाही.

विमानप्रवासात कुठलाही असो, चेक-इन बॅगेतच.