मगर मोठी, मीटर लहान

अरुणकाका, ए-१०२: मंडळी नमस्कार. पुराच्या तयारीच्या कालच्या मीटिंगमध्ये क्रिएटिव्ह टीमने जो चार्ट काढला तो आत्ता लिफ्टपाशी लावलेला पाहिला. मुलांनी मेहनत घेतली आहे त्याबद्दल वाद नाही. पण मी एवढा वेळ उभं राहून विजेचं मीटर वर घ्यायचं सांगितलं ते कोपऱ्यात सुपारीएवढं आणि मधोमध ही एवढी मगर. मगरीचा ठराव कधी पास झाला?

वीणाताई, बी-३०४: काका मगर आली होती ना पण खरंच 😄

अरुणकाका, ए-१०२: मागच्या गल्लीत आली होती. आणि तिला फॉरेस्टवाले घेऊन गेले. मीटर बोर्ड कोणी घेऊन गेलं नाही, तो आहे तिथेच आहे, त्याच उंचीवर.

मिहिका, बी-५०१: नमस्कार काका, चार्ट मी आणि ओजसने काढला. हे मीटिंग चालू असतानाच ऐकत ऐकत काढायचं असतं, त्यामुळे ज्यावर जास्त लोक बोलतात ते आपोआप मोठं होतं. मगरीवर अर्धा हॉल बोलत होता. मीटरवर तुम्ही एकटे.

अरुणकाका, ए-१०२: एकटा बोललो कारण ग्राउंडला आम्ही राहतो. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आम्ही गाद्या उचलत होतो आणि वरची मंडळी गॅलरीतून व्हिडिओ काढत होती.

मिलिंद, ए-४०१: काका हे पर्सनल होतंय. लाइट आमच्याकडे पण नव्हती.

अरुणकाका, ए-१०२: का नव्हती? मीटर खाली म्हणून. हेच तर सांगतोय.

नीलाआजी, ए-२०३: चार्टचा फोटो फाटलाय, अक्षरं दिसत नाहीत. कोणीतरी परत टाका.

ओजस, बी-२०२: आजी फोटो म्हणून टाकला की व्हॉट्सअ‍ॅप दाबून टाकतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवतो.

नीलाआजी, ए-२०३: आलं. खाली पिवळ्याने काय लिहिलंय?

ओजस, बी-२०२: पाण्याची टाकी साफ केल्याशिवाय पंप चालू करू नये.

नीलाआजी, ए-२०३: मग ते काळ्याने लिही रे राजा. एवढी कामाची गोष्ट आणि पिवळ्याने.

शरदमामा, ए-३०१: एकूणच रंगसंगती भडक आहे. बडोद्यासारख्या गावात राहता, तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघा जरा, कीर्ति मंदिरात जाऊन नंदलाल बोसांचं काम बघा. काय रेषा आहे!

मिहिका, बी-५०१: मामा, कीर्ति मंदिरातल्या चित्रांचं काम १९३९ ला सुरू झालं आणि १९४६ ला संपलं. आम्हाला तुम्ही शनिवारची संध्याकाळ दिलीत आणि मार्कर पण आमचेच.

वीणाताई, बी-३०४: 😂😂 फाइन आर्ट्सच्या मुलीशी पंगा नाही घ्यायचा मामा

अरुणकाका, ए-१०२: मीटर बोर्ड पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर घ्यावा ही नम्र विनंती. – अरुण, ए-१०२

सुधीरभाऊ सेक्रेटरी: काका तुमचा मुद्दा मिनिट्समध्ये व्यवस्थित घेतलाय. एमजीव्हीसीएलला, म्हणजे वीज कंपनीला, अर्ज करायचा, खर्चाचा अंदाज काढायचा, सगळं आहे. चार्ट म्हणजे काय ठराव नव्हे, उगाच मनावर घेऊ नका.

अरुणकाका, ए-१०२: सुधीर, मिनिट्स तू लिहितोस आणि तूच वाचतोस. चार्ट सगळे वाचतात, लिफ्ट येईपर्यंत दुसरं करायला काय असतं? उद्या जनरल बॉडीत लोकांना मगर आठवेल, मीटर नाही, आणि मग म्हणाल की मेंबरांची मागणीच नव्हती.

मिलिंद, ए-४०१: गाड्या फ्लायओव्हरवर न्यायचा मुद्दा माझा होता, तो पण बारीकच काढलाय, मी काही बोललो का?

सुधीरभाऊ सेक्रेटरी: मिलिंद, त्या वेळच्या पंपाच्या डिझेलची वर्गणी तुझी अजून यायची आहे, सहज आठवलं.

मिलिंद, ए-४०१: ती मी कॅश दिली होती.

सुधीरभाऊ सेक्रेटरी: कोणाला?

वीणाताई, बी-३०४: ते पर्सनलवर घ्या ना दोघं. उद्या सकाळी सेव उसळ मागवतोय, कोणाकोणाला हवी आहे पटकन सांगा.

हसमुखभाई, बी-१०१: माझी दोन. आणि चार्टचा बोलतो. मला मराठी वाचता येतो, पण आपल्या वॉचमनला नाय येत. रात्री पाणी आला तर मेन स्विच तो पाडणार ने? तुम्ही लोक तर झोपला असणार.

अरुणकाका, ए-१०२: एकदम बराबर हसमुखभाई. मीटर बोर्ड पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर घ्यावा ही नम्र विनंती. – अरुण, ए-१०२

मिहिका, बी-५०१: थांबा, मी खाली जाऊन त्यांनाच दाखवून येते.

नीलाआजी, ए-२०३: माझी सेव उसळ एक, तिखट वेगळं द्यायला सांग. आणि पावाऐवजी काही मिळतं का?

शरदमामा, ए-३०१: मी भडक म्हणालो ते टीका म्हणून नाही. वाईट वाटून घेऊ नये.

मिहिका, बी-५०१: विचारून आले. अक्षरं हाताने झाकून नुसतं चित्र दाखवलं. ते म्हणाले, मगर दिसली की स्विच बंद करायचा 🤦‍♀️ माझा बाण मगरीवरून मीटरकडे गेलाय, त्यांची काही चूक नाही. हा चार्ट मीटिंगमध्ये कोण काय बोललं त्याचा आहे, तो तसाच राहू दे. पाणी येईल तेव्हा काय करायचं त्याचा वेगळा काढते, त्यात क्रम असेल. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं की लिफ्ट वर नेऊन बंद, मग मेन स्विच, मग टाकीचं झाकण. माणसाचं चित्र, पायरीचं चित्र, खाली गुजराती आणि मराठी दोन्ही.

ओजस, बी-२०२: मराठी हातानेच लिहू, मागच्या वेळी कॉम्प्युटरवर जोडाक्षरं तुटून भलतंच छापलं गेलं होतं.

अरुणकाका, ए-१०२: दुसरी पायरी उशीर झाला. पहिलीच धरा. दुसऱ्या पायरीला स्विचपर्यंत जायला गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, आणि ओल्या हाताने स्विच कोण पाडणार? मी असतो तिथे, मला माहीत आहे.

मिहिका, बी-५०१: ओके काका, पहिली. रंगवण्याआधी कच्चं तुम्हाला आणि वॉचमनना दाखवते.

अरुणकाका, ए-१०२: दाखव. चहाला ये.

सुधीरभाऊ सेक्रेटरी: मग हा दुसरा फ्लेक्सवर छापून जुन्याच्या शेजारी लिफ्टपाशी लावू.

हसमुखभाई, बी-१०१: लिफ्टपाशी नको रे भाई. पाणी आल्यावर लिफ्ट बंद, मग तिथे कोण उभा राहणार? जिन्यात लाव, वॉचमनच्या खुर्चीसमोर. आणि वर लाव, नायतर पहिला तोच बुडेल.

वीणाताई, बी-३०४: हसमुखभाईंना माझ्यातर्फे एक प्लेट एक्स्ट्रा

मिलिंद, ए-४०१: फ्लेक्सचा खर्च मेंटेनन्समधून ना? परत वर्गणी नको.

सुधीरभाऊ सेक्रेटरी: डिझेलची वर्गणी जमा झाली की त्यातून करू.

मिलिंद, ए-४०१: गुड नाइट ऑल 🙏