मॅजिक फ्लूट : टामिनो पामिनाशी बोलत का नाही?

चांदणवेल :
परवा मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' (जादूची बासरी) हा ऑपेरा पहिल्यांदाच अख्खा पाहिला. घरीच, उपशीर्षकं लावून, नऊ वर्षांची लेक मांडीला मांडी लावून शेजारी. अजगर आला, पिसांचा अंगरखा घातलेला, पक्षी पकडणारा पापागेनो आला, खोटं बोलला म्हणून त्याच्या तोंडाला कुलूप लागलं, तोवर ती खुशीत होती. दुसऱ्या अंकात राजपुत्र टामिनोची बासरी ऐकून त्याची प्रेयसी पामिना धावत येते आणि मौनाच्या कसोटीला बसलेला टामिनो हातानेच तिला 'जा' म्हणतो. एक शब्द नाही. लेकीने मला विचारलं, "आई, बोलायची बंदी आहे एवढं तरी त्याने तिला खुणेने सांगावं ना?" मला उत्तर सुचलं नाही. ती पामिनाचं गाणं संपेपर्यंत माझा हात घट्ट धरून बसली होती.

दुसरं मला स्वतःला पडलेलं कोडं. पामिनाची आई, रात्रीची राणी, आधी मुलगी हिरावलेली आई म्हणून येते आणि पुढे त्याच मुलीच्या हातात खंजीर देऊन 'सारास्ट्रोला मार' म्हणते. सारास्ट्रो म्हणजे पुरोहितांचा प्रमुख, ज्याने पामिनाला नेलं तो. नक्की काय खरं मानायचं?

फिरस्ता :
मौन हीच परीक्षा आहे, त्यामुळे तो कारण सांगू शकत नाही. मोझार्ट १७८४ पासून फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी असलेल्या एका बंधुसंघाचा सभासद, होता. दीक्षा, कसोट्या, अंधारातून उजेडाकडे जाणं हे सगळं त्या वातावरणातलं आहे. राणीबद्दल म्हणाल, तर संहिता लिहिणाऱ्या शिकानेडरने अर्ध्यात कथानक फिरवलं असा एक जुना तर्क आहे. तेवढं उत्तर पुरावं.

खर्जातली :
फिरस्ता, मला ते पुरत नाही. कथानक फिरवलं असेल तर संगीतात तो सांधा कुठेतरी दिसायला हवा, आणि तो मला आजवर सापडलेला नाही.

मी वाद्यवृंदात बासरी वाजवते. हा ऑपेरा मी रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून वाजवला आहे. तिथून मंचावरचं काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. त्यामुळे पामिनाच्या त्या गाण्यात टामिनो काय हातवारे करतो ते मला कधी कळलंच नाही. कळलं ते एवढंच, की ती गाते आणि खाली तारवाद्यं अडखळत चालणाऱ्या पावलांसारखे छोटे आघात देत राहतात, दोन आघातांमध्ये श्वासापुरती जागा. ती 'टामिनो' अशी नावाने हाक मारते, हे अश्रू फक्त तुझ्यासाठी आहेत म्हणते, आणि त्या जागेत कुणी उत्तर देत नाही. चांदणवेलताई, तुमच्या लेकीला जे खुपलं ते मोझार्टने मुद्दाम तसं ठेवलं आहे. टामिनो नियम पाळतो, पण त्याची किंमत पामिना मोजते. संगीत त्या क्षणी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे.

आता राणी. पामिनाचं हे गाणं जी मायनर या उदास स्वरपट्टीत आहे. पहिल्या अंकात राणी आपल्या हरवलेल्या मुलीचं दुःख सांगते, तो संथ भागही जी मायनर. आणि शेवटाकडे पापागेनो दोर घेऊन झाडाखाली उभा राहतो आणि जगाचा निरोप घेतो, तेव्हाही जी मायनर. आई, मुलगी आणि तो साधाभोळा पक्षी पकडणारा, तिघांचं दुःख एकाच स्वरपट्टीत बांधलेलं. राणीचं रडणं नाटकी असतं, तर मोझार्टने तिला ही स्वरपट्टी दिली नसती असं मला मनापासून वाटतं. खंजीर देतानाच्या तिच्या सूडाच्या गाण्याआधी एक बोललेला संवाद आहे, तो पुष्कळ प्रयोगांत कापतात. त्यात ती सांगते की नवऱ्याने मरताना सप्तपदरी सूर्यचक्र हे सामर्थ्याचं चिन्ह सारास्ट्रोच्या हवाली केलं. तो संवाद ऐकला की तिचा राग कुठून येतो ते समजतं. खंजीर त्यामुळे क्षम्य ठरत नाही, पण आईपण खोटंही ठरत नाही.

आणि बासरी कुणाची? टामिनोला ती राणीच्या तीन सख्यांनी आणून दिलेली. शेवटच्या कसोटीत, आग आणि पाण्याच्या दाराशी, पामिना सांगते की ती तिच्या वडिलांनी वादळी रात्री, विजा कडाडत असताना, हजार वर्षांच्या ओकच्या खोल मुळातून कोरली. सारास्ट्रोच्या कसोटीतून दोघांना पार नेते ती राणीच्या घरातली वस्तू! त्याच दाराशी पामिना म्हणते, मी तुला नेते, प्रेम मला नेईल. त्याआधी पुरोहित टामिनोला बायकांपासून सावध राहायला सांगत होते. ती शिकवण मला आजही ऐकवत नाही, आणि सारास्ट्रोचा काळा नोकर मोनोस्टाटोस याच्या रंगावरून जे बोललं जातं तेही नाही. पण इथे येऊन स्वतः टामिनो आणि चिलखतधारी पहारेकरी मिळून गातात की रात्रीला आणि मृत्यूला न भिणारी स्त्री दीक्षेला पात्र आहे.

मग आगीतून, पाण्यातून जातानाची ती चाल येते. सी मेजर या स्वरपट्टीत, संथ. एकटी बासरी, खाली हळू आवाजात पितळी वाद्यं आणि नगाऱ्याचे ठोके. बोटांना फार अवघड नाही. अवघड आहे तो श्वास, कारण लपायला जागाच नाही. पहिल्या प्रयोगाला माझी बोटं गार पडली होती. १७९१ सालच्या पहिल्या टामिनोला, बेनेडिक्ट शाकला, स्वतःला बासरी येत होती. बहुतेक टेनर (उंच पट्टीतले पुरुष गायक, टामिनो गाणारे) नुसती ओठांना लावतात आणि वाजवतो आम्ही खालून.

पिंजरा उघडा :
वा, खर्जातली! पापागेनोबद्दल थोडी भर. लेकीला सांगा, मौनाच्या कसोटीला तोही होता आणि साफ नापास झाला. गप्प बसणं त्याला जमलंच नाही. खायला, प्यायला, झोपायला मिळालं आणि एक बायको मिळाली की पुरे, असं तो पुरोहितांच्या तोंडावर सांगतो. आणि तरी त्याला त्याच्यासारखीच पापागेना ही जोडीदारीण मिळते. 'पा-पा-पा' करत दोघं भेटतात तेव्हा मला दर वेळी भरून येतं.

ही भूमिका पहिल्यांदा शिकानेडरनेच केली. ऑक्टोबर १७९१ मध्ये मोझार्टने बायकोला पत्रात लिहिलं आहे की एका प्रयोगाला त्याने पडद्यामागे जाऊन पापागेनोच्या जादूच्या घंट्या स्वतः वाजवल्या आणि भलत्याच जागी सूर छेडले. शिकानेडर थबकला, मग घंट्यांवर टोला मारून म्हणाला, "गप्प बस!" सगळं नाट्यगृह हसलं. मोझार्ट ५ डिसेंबरला गेला. हातात दोन महिनेही उरले नव्हते आणि माणूस आपल्याच ऑपेराला पुन्हा पुन्हा जाऊन असा रमत होता.

चांदणवेल :
काल रात्री पुन्हा लावला. राणीचं पहिलं गाणं आणि पामिनाचं गाणं लागोपाठ ऐकवलं. जी मायनर वगैरे काही सांगितलं नाही. लेक म्हणाली, "दोघी सारख्याच रडतात." मग आगीच्या प्रसंगावर आलो. आमच्या चित्रणात पामिना टामिनोच्या खांद्यावर हात ठेवून चालते. लेकीने तिथेच थांबवायला लावलं, मागे नेऊन दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसती बासरी ऐकली.