‘चॅव’ कुणाच्या तोंडून ऐकलात?

ब्रिटनमध्ये राहिलेल्यांनी हा शब्द ऐकला असणारच. ट्रॅकसूट, गळ्यात सोनेरी साखळी, डोक्यावर चौकड्यांची टोपी, बोलणं चढ्या आवाजात. अशा गरीब घरच्या पोरांना हिणवायचं म्हणजे ‘चॅव’. २००४ मध्ये ऑक्सफर्डवाल्यांनी तो ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडला. तुमचे अनुभव लिहा.

केंटहून
आमच्या ऑफिसात यावर दोन तट होते. एकाच्या मते शब्द जवळच्या चॅटम गावावरून आला, दुसऱ्याच्या मते ‘काउन्सिल हाउस अँड व्हायोलंट’ (सरकारी घरातला नि मारकुटा) याची इंग्रजी आद्याक्षरं. ही आद्याक्षरं मागाहून जुळवलेली, हे नक्की. भाषेचे जाणकार बहुतेक रोमानी, म्हणजे युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेतल्या ‘चावो’कडे बोट दाखवतात. चावो म्हणजे मुलगा, पोरगा. रोमा लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून गेले, त्यांची भाषाही आपल्याच कुळातली. म्हणजे आपला ‘छावा’ याचा चुलतभाऊच! इकडे छावा म्हटलं की संभाजीराजे डोळ्यांपुढे येतात, तिकडे बसस्टॉपवर टवाळक्या करणारं पोरगं. मी हे जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तर दोन्ही तट गप्प, आणि पाच मिनिटांत पुन्हा चॅटमवर गाडी.

न्यूकॅसलहून
आमच्याकडे ‘चार्वर’ म्हणतात. स्कॉटलंडात गेलात तर ‘नेड’. शिवी प्रत्येक गावाची वेगळी, पोरं तीच.

लेस्टरहून
त्या काळात इथल्या काही पबमध्ये बर्बेरीचे चौकडे घातलेल्यांना आत घेत नसत. एवढा महागडा ब्रँड, पण २००४ मध्ये कंपनीला ती टोपीच बंद करावी लागली.

लंडनहून, शाळेत साहाय्यक आहे
मला खटकतं ते वेगळंच. वर्णावरून कुणी काही बोललं की स्टाफरूममध्ये लगेच भुवया उंचावतात, आणि उंचावायलाच हव्यात. पण ‘ती आई अगदी चॅव आहे हो’ हे वाक्य चहाबरोबर सहज खपतं. पैसा नाही, सरकारी घरात राहते, एवढाच तिचा गुन्हा. आपली मराठी मंडळीही यात मागे नाहीत बरं का. घर घेताना ‘एरिया जरा चॅवी आहे’ असं सांगणारे आपलेच असतात.

रेडिंगहून
माझी लेक मोठ्या रिंगा घालून निघाली होती. मैत्रीण म्हणाली, ‘सो चॅवी!’ दोघी खिदळल्या. रिंगा काही काढल्या नाहीत.