नवऱ्याचं प्रकरण कळलंय. त्या बाईच्या नवऱ्याला सांगावं का, आणि कसं?

पाऊलवाट: दोघं एकाच ऑफिसात, दोघंही विवाहित. चॅट नवऱ्याच्या मोबाइलवर आहे. तिच्या नवऱ्याशी बोलून माहिती ताडून पाहायची आहे. काय सांभाळायचं?

उंबरठा: सगळ्यात आधी, हे कळल्यावर तिकडे तिला मारहाण होईल का? जरासा संशय असला तरी कळवू नका, आधी वकील गाठा. तसं नसेल तर पहिला निरोप चारच ओळींचा: तुम्ही कोण, काय कळलं, कशावरून, बोलायचं असल्यास कधी. स्क्रीनशॉट नाहीत, शिव्या नाहीत, सोसायटीच्या ग्रुपवर तर अवाक्षर नाही. भेट दिवसा, चारचौघांत, आपलं माणूस सोबत.

भेटलात की फक्त तारखा जुळवा: टूर, रजा, हॉटेलची बिलं, फास्टॅगच्या नोंदी. इकडे ‘नाशिकला ऑडिट’ आणि त्याच रात्री तिकडे ‘मैत्रिणीकडे मुक्काम’, खोटं सापडतं ते असं. खासगी फोटो मात्र कुणालाही पाठवू नका. आयटी कायद्याखाली तुम्हीच अडकाल.

तारीख_पे_तारीख: पोलिसांत जाऊन उपयोग नाही. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं, आणि ते होतं तेव्हाही बायकोला तक्रारीचा हक्क नव्हताच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली घटस्फोटाला मात्र हे कारण चालतं.

लोक चुकतात ते पुराव्यात. १ जुलै २०२४ पासून डिजिटल पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅशसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा). तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये काही चॅट असेल, तर त्याचं प्रमाणपत्र त्यालाच द्यावं लागेल. तुम्हाला फॉरवर्ड करून भागत नाही. म्हणून तो साक्षीला येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा. मूळ चॅट कुणीही डिलीट करू नये. नवऱ्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप तर अजिबात टाकू नका. आणि कळल्यावरही पूर्वीसारखा संसार चालू राहिला, तर ‘माफ केलं’ असा बचाव समोरून येतो, तेव्हा सल्ला लवकर घ्या.

सावली: तारखा जुळल्या की रोजचे फोन बंद करा. दुखावलेली दोन माणसं रात्री-बेरात्री बोलत बसली की गुंततात, आणि तेच कॉल रेकॉर्ड कोर्टात तुमच्यावर उलटतं. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची) तपासणी आत्ता करा, एचआयव्हीची तीन महिन्यांनी पुन्हा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) ती मोफत होते. झोप उडाली असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं.

पाऊलवाट: प्रमाणपत्राचा भाग ‘ब’ कोण भरतं?

तारीख_पे_तारीख: तज्ज्ञ. ‘अ’ तुम्ही भरायचा.