मोन भाषा कोणी बिघडवली?

प्रवासी_काका: बँकॉकजवळ को क्रेत या कुंभारांच्या बेटावर जाऊन आलो. तिथले मोन लोक (मूळचे म्यानमार-थायलंडकडचे, त्यांची भाषाही मोनच) ‘ग’ अक्षर लिहितात आणि वाचतात ‘के’! थाई शेजारात राहून भाषा पार बिघडली. शुद्ध मोन ऐकायची तर म्यानमारात, मॉलम्याइनला जा.

उकारान्त: काका, एका सहलीवर एवढा निकाल? मॉलम्याइनलाही ‘के’च म्हणतात. जुन्या मोनमध्ये क आणि ग वेगळे होते. पुढे गचा घोष, म्हणजे घशातलं कंपन, गेला, दोन्ही अक्षरांत क उरला आणि फरक स्वरात शिरला. क वाचतात आखूड ‘का’. ग वाचतात घसा सैल सोडून, श्वासासकट ‘के’. आपल्या ‘म्ह’मधला श्वास व्यंजनाला चिकटलेला, त्यांचा स्वरभर पसरलेला. यात थाई शेजाऱ्याने काय घोडं मारलं?

प्रवासी_काका: लिहायचं एक, म्हणायचं भलतंच. आमच्या मास्तरांनी छड्या दिल्या असत्या.

निंबोणी: छडीचं नाव काढू नका. चौथीत गावाकडून पुण्याला आले. ‘व्हतं’ म्हटलं की बाई वर्गासमोर उभं करून दहादा ‘होतं’ म्हणायला लावायच्या. फळ्यावर स्वतः मात्र ‘होते’ लिहायच्या!

प्रवासी_काका: ‘होते’ लेखी, ‘होतं’ बोली. दोन्ही शुद्धच.

निंबोणी: म्हणजे तुमचा ‘तं’ बोली आणि माझा ‘व्ह’ गावंढळ. वा!

प्रवासी_काका: कुठेतरी रेघ ओढायलाच हवी की नाही?

निंबोणी: ओढा की. दरवेळी ती तुमच्याच अंगणाच्या कडेने कशी जाते?

उकारान्त: मोनवर या हो. नावच घ्या. म्यानमारची जुनी राजधानी पगान, तिथल्या बाराव्या शतकातल्या शिलालेखांत ‘र्मेञ्’, आज लिहितात ‘मन’, म्हणतात ‘मोन’. यातलं शुद्ध कुठलं? आणि जुनंच हवं असेल तर चैयाफूमच्या डोंगराळ भागातल्या ञ्याह कुर लोकांना भेटा, त्यांची भाषा मोनची सख्खी बहीण. मोनने बोलण्यात टाकून दिलेला शब्दाच्या शेवटचा र त्यांच्या नावातच शाबूत आहे. आणि हो, चैयाफूम थायलंडातच येतं. एक मात्र मान्य, थायलंडातली मोन पोरं घरातही थाई बोलू लागलीत. पण तो भाषा सुटण्याचा प्रश्न, स्वरांशी त्याचा संबंध नाही.

प्रवासी_काका: बरं बाबा. को क्रेतच्या कुंभारांना माफीपत्र धाडतो. पण ‘व्हतं’ चालणार नाही.

निंबोणी: आणि घरी ‘पाव्हणे आले’ म्हणता तेव्हा?

प्रवासी_काका: पाव्हण्यांचं वेगळं.