मालवणच्या सागरी अभयारण्याच्या गाभ्यात मासेमारी पूर्ण बंद करावी का?

कोथरूडकर (धागाकर्ता)

सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातले जेमतेम ३.१८ चौरस किलोमीटर हे गाभा क्षेत्र. दर दिवाळीत पुण्याहून तारकर्लीला धावणाऱ्या मंडळींपैकी किती जणांना हे ठाऊक असते, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. माझे म्हणणे असे की निदान या गाभ्यात तरी जाळे, गळ किंवा नांगर यांपैकी काहीही पडता कामा नये.

प्रवाळ जपणे हा अशा क्षेत्राचा एक हेतू झाला. त्याहून मोठा हेतू माशाला वय वाढू देणे हा आहे. मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते, आणि मासेमारी वाढली की सर्वांत आधी हीच मोठी मासळी संपते. एखादा तुकडा कायमचा मोकळा सोडला, तर तिथली अंडी आणि पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर पडतात आणि शेवटी मच्छीमाराच्याच जाळ्यात येतात. न्यूझीलंडमध्ये ली गावाजवळचा किनारा १९७५ पासून असा बंद आहे. तिथे स्नॅपर मासे आणि शेवंड वाढले, त्यांनी समुद्री अर्चिन (काटेरी गोल जीव) खाऊन आटोक्यात आणले आणि अर्चिनांनी फस्त केलेली केल्प या मोठ्या समुद्री शैवालाची रानेही परत उगवली. मेक्सिकोतील काबो पुल्मो हे १९९५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९९९ ते २००९ या काळात तिथल्या माशांचा एकूण जैवभार (सगळ्यांचे मिळून वजन) ४६० टक्क्यांहून अधिक वाढल्याची नोंद आहे. आपण मात्र सीमा आखून मोकळे झालो.

मूळ मालवण, मुक्काम हडपसर

काबो पुल्मोची हकीकत आपण अर्धीच सांगितलीत. तिथल्या संरक्षणासाठी आग्रह धरला तो गावातल्या मच्छीमार कुटुंबांनी, आणि पहाऱ्यातही तीच पुढे राहिली. मालवणात विरोध झाला तो अभयारण्य वरून लादले गेले म्हणून. अभयारण्यात सागरी हद्दीचा भाग येत असेल, तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी व्यवस्था आधी करावी, असे वन्यजीव कायद्याचे कलम २६अ सांगते. पण ते कलम १९९१ च्या दुरुस्तीने आले, म्हणजे आमच्या घोषणेनंतर चार वर्षांनी.

शिवाय बंदी कोणावर पडते तेही पाहावे. रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडतात, मग दोन्ही टोके वाळूवर उभी राहिलेली माणसे तासन्‌तास ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. त्या माणसांना आपला किनारा सोडून दुसरीकडे जाता येत नाही. पर्ससीनवाल्याला (यांत्रिक नौकेतून प्रचंड जाळ्याने मासळीचा थवा घेरणाऱ्याला) मात्र इथे अडवले की तो दहा मैल पुढे जाऊन तेच करतो. ज्याच्यामुळे मासळी घटली तो मोकळा आणि ज्याने पिढ्यान्‌पिढ्या बेताने काढली तो गुन्हेगार, असा हा न्याय होईल.

एरंडवणे

दोघेही बंदीविषयी बोलत आहात, पण ती राबवणार कोण? अभयारण्य वनखात्याचे; मासेमारीचे परवाने, १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी आणि १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा मत्स्यव्यवसाय खात्याकडे. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासळी गोळा करून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्या दिव्यांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. बारा सागरी मैलांपलीकडे तर वन्यजीव कायद्याचे अभयारण्य करताच येत नाही. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरच्या प्रवाळांचे घोडे तिथेच अडले. पाणी तापून प्रवाळ पांढरे पडतात, त्याला तर कोणतीच सीमा रोखू शकत नाही. (आणि पर्यटकांचे काय? स्नॉर्केलिंगला गेलो असताना फोटोसाठी मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकले जात होते, होडीचा नांगर सरळ खडकावर पडत होता, आणि पाव टाकणारे बहुतेक आपल्याच गावचे होते.)

कोथरूडकर

नांगर आणि पाव यांवर आजच बंदी घालावी, त्यात दुमत नाही. पण हडपसरकर, रापणीला सूट द्या म्हणता, तेव्हा अडचण अंमलबजावणीची येते. कोणते जाळे चालेल आणि कोणते नाही, आसाचे (जाळ्याच्या छिद्राचे) माप किती, होडीला इंजिन किती ताकदीचे, हे रात्री समुद्रात कोण तपासणार? ‘गाभ्यात काहीच नाही’ हा एकच नियम असा आहे, की तो मोडला तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसतो. सवलतींच्या फटीतून आत शिरतात ते मोठेच. रापणवाल्यांचे नाव फक्त पुढे केले जाते.

मूळ मालवण, मुक्काम हडपसर

किनाऱ्यावर उभा असलेला ‘कोणीही’ म्हणजे आम्हीच की! रात्री बाहेर एलईडीचा उजेड दिसला की पहिला फोन आमचीच माणसे करतात, आणि गस्तीची नौका येईपर्यंत दिवे विझलेले असतात. तेव्हा क्रम उलटा लावा. आधी संपूर्ण २९ चौरस किलोमीटरमध्ये ट्रॉलर, पर्ससीन आणि एलईडी खरोखर बंद करून दाखवा, डायव्हिंगच्या होड्या बांधायला कायमचे बोये (तरंगते गोळे) बसवून नांगर थांबवा, आणि प्रवेशशुल्क घेणार असाल तर त्यातला ठरलेला हिस्सा रापण संघांना द्या. एवढे दोन हंगाम झाले, की गाभा कुठून कुठपर्यंत असावा यावर आमच्या तांडेलांबरोबर (होडीच्या प्रमुखांबरोबर) बसा. ते नकाशावर बोट ठेवून सांगतील, मासळी अंडी घालायला नेमकी कुठे येते. सरकारने १९८७ साली आखलेली रेघ तिथूनच जाते की नाही, हे त्यांना अजून कोणी विचारलेले नाही.

एरंडवणे

विचारायला हवे हे मान्य. पण दोन हंगामांची मुदत संपल्यावर गाभा बंद झालाच पाहिजे, ही अट त्याच बैठकीच्या पहिल्या कागदावर लिहून घ्या. नाहीतर ते दोन हंगाम कधीच संपायचे नाहीत.